बाळ कडेवर, कॅनव्हास माळ्यावर

पत्र:

ताई, नमस्कार. मी पूर्णवेळ घरी असणारा बाबा आहे. मुलगी साडेतीन वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा, नुकताच रांगायला लागलाय. बायकोची नोकरी चांगली चाललीय आणि माझ्या नोकरीत तसा जीव उरला नव्हता, म्हणून दोघांनी मिळून ठरवलं की मी घरी थांबायचं. त्याबद्दल तक्रार नाही, मुलांबरोबर राहायला मला मनापासून आवडतं. पण मी आधी ऑइल पेंटिंग करायचो, मोठे कॅनव्हास, सुट्टीच्या दिवशी चार-चार पाच-पाच तास सलग. आता बाळ झाल्यापासून ब्रशला हात लावलेला नाही. कधी दहा मिनिटं मिळतात, कधी वीस, पण रंग बाहेर काढेपर्यंत कुणीतरी उठतंच. परवा एका मित्रानं मेसेज पाठवला की मर्यादा हीच कलावंताची खरी ताकद, आणि मला इतका राग आला की मी उत्तरच दिलं नाही. ताई, हे खरं असतं का? की ज्यांच्याकडे वेळ आहे ते, ज्यांच्याकडे नाही त्यांची समजूत काढतात?
– घरचा बाबा

उत्तर:

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि तो राग वाचून मला जरा बरंच वाटलं बघा. ज्याच्या मनातून चित्र कायमचं उतरलंय त्याला असा मेसेज आला तर तो वाचतो, उत्तरादाखल अंगठ्याची खूण पाठवतो आणि विसरतो. तुम्हाला तो लागला. म्हणजे आत काहीतरी जागं आहे अजून.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देते, मग बाकीचं. मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. मर्यादा आली म्हणून कुणी आपोआप कलावंत होत नाही, तसं असतं तर लहान मुलं असलेल्या प्रत्येक घरात चित्रं आणि कविता उतू गेल्या असत्या, आणि तसं होत नाही हे आपण दोघंही बघतोय, बहुतेक घरांत माणसं नुसती दमून जातात. मर्यादेचा उपयोग कधी होतो माहितीये का, जेव्हा आपण जुन्या मापाचं काम नव्या वेळेत कोंबायचं सोडतो आणि आत्ता जेवढा वेळ हातात आहे तेवढ्या मापाचं दुसरं काम शोधतो तेव्हा. तुम्ही गेले दहा महिने पाच तासांचं काम दहा मिनिटांत बसवायला बघताय आणि ते बसत नाही म्हणून स्वतःला दोष देताय. ते बसणारच नाहीये हो. कुणालाच बसलं नसतं.

जरा ऑइलचाच हिशोब करून बघा. ट्यूब काढायच्या, पॅलेट लावायची, तेल, चिंध्या, कपडे बदलायचे, झाली पंधरा मिनिटं. शेवटी ब्रश धुणं, हात धुणं, सगळं मुलांच्या हाताला लागणार नाही असं उचलून ठेवणं, त्याची वीस. म्हणजे एक रेघ ओढायच्या आधीच तुम्ही पस्तीस मिनिटं देऊन बसलात. पाच तास असतात तेव्हा ही पस्तीस मिनिटं जाणवतसुद्धा नाहीत, उलट त्या तयारीत मन हळूहळू चित्रात शिरतं, ती तयारी हवीहवीशीच असते. पण हातात वीसच मिनिटं असतील तर तुम्ही सुरुवात करायच्या आधीच हरलेले असता. आणि वर तो रंग वाळायला दिवसच्या दिवस घेणार, रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनचा वास घरभर, खाली एक रांगणारं बाळ. त्यामुळे ऑइल सध्या बंद ठेवलंत त्यात काही चुकलं नाही. चुकतंय ते एवढंच की ऑइल बंद म्हणजे चित्र बंद असं तुम्ही धरून चाललाय.

आता माझं सांगते, कारण हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. माझी मुलगी लहान असताना ती अंगावरच झोपायची, खाली ठेवलं की दुसऱ्या मिनिटाला जागी. दिवसाचे तीन-साडेतीन तास मी एका खुर्चीत, डावा हात तिच्या पाठीखाली, उजवा मोकळा. मी त्याआधी लांबलचक कथा लिहायचे, टेबलाशी बसून, दार लावून. पहिले चार महिने मी त्या खुर्चीत बसून फक्त न लिहिलेल्या कथेचा विचार करून रडायचे. खरंच रडायचे, आवाज न करता, ती उठू नये म्हणून. पेन नेहमी हाताला लागणार नाही अशाच जागी असायचं, उठून घ्यावं तर ती जागी होणार. मग एक दिवस चिडून मी खुर्चीच्या हाताला सुतळीनं पेन्सिल बांधली आणि जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून मांडीखाली खोचून ठेवली. आणि एक नियम केला, तोही वैतागूनच, की या खुर्चीतून जे दिसेल तेवढंच लिहायचं, त्याच्या बाहेरचं एक अक्षर नाही.

काय दिसायचं तर एक खिडकी, वाळत घातलेले कपडे, दाराची अर्धी चौकट आणि तिच्या डोक्याचा वरचा भाग. बस. पहिल्या आठवड्यात सगळं संपलं असं वाटलं, खिडकीवर माणूस किती लिहिणार. मग दुसऱ्या आठवड्यात कसं कोण जाणे, दोरीवरच्या एका मोज्याचा जोडीदार चार दिवस गायब आहे हे दिसलं. दाराच्या चौकटीला एका ठराविक उंचीवर हातांचे डाग आहेत, त्यात माझे कुठले, नवऱ्याचे कुठले हे ओळखता यायला लागलं. तिच्या टाळूवर हृदयाच्या ठोक्याबरोबर त्वचा हलते, आणि ती गाढ झोपली की त्या हलण्याचा वेग बदलतो, म्हणजे आता आपल्याला अजून वीस मिनिटं आहेत हे मला टाळूवरून कळायचं. चार-चार पाच-पाच ओळींचे तुकडे, व्याकरण धड नाही, पेन्सिलनं, वाकड्या अक्षरात. वर्षभरात त्रेचाळीस झाले. टेबलाशी बसून मी त्यातला एकही लिहिला नसता, कारण टेबलाशी बसले की मला मोठंच काहीतरी लिहायचं असायचं आणि मोज्याकडे माझं लक्षच गेलं नसतं.

हे मला एकटीलाच झालं असंही नाही. तुम्ही चित्रकार आहात म्हणजे फ्रेंच चित्रकार मातीस तुम्हाला माहीत असणारच. १९४१ मध्ये कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालं, वय सत्तरीच्या पुढे, त्यानंतर इझलसमोर तासन् तास उभं राहणं संपलं, बराचसा वेळ अंथरुणात नाहीतर चाकाच्या खुर्चीत. त्यानं हातात कात्री घेतली. मदतनीस गुआशनं, म्हणजे पाण्यात कालवायच्या दाट रंगानं, कागद रंगवून द्यायचे आणि तो त्या रंगीत कागदातून थेट आकार कापायचा, मग ते भिंतीवर टाचून हलवत बसायचं, हा जरा वर घ्या, तो जरा डावीकडे. १९४७ मध्ये त्या कामाचं ‘जॅझ’ नावाचं पुस्तक आलं आणि पुढे १९५४ मध्ये तो जाईपर्यंत कात्री सुटली नाही. मला यात सगळ्यात आवडतं ते हे की कागद कापणं त्याला नवीन नव्हतं. आधी मोठ्या चित्राची मांडणी ठरवायला तो कागदाचे तुकडे वापरायचा, नुसती पूर्वतयारी म्हणून. ज्याला तो हाताखालचं साधन समजत होता तेच पुढे मुख्य काम होऊन बसलं. आणि एक गोष्ट लपवायची नाही मला, त्याच्याकडे मदतनीस होते, तुमच्याकडे नाहीत, आणि त्याच्या पायात कुणी लुडबुडत नव्हतं. म्हणून मातीस काय करायचा ते तसंच्या तसं घेऊ नका. घ्यायचं ते एवढंच की उभं राहून करायचं काम झोपून करण्यावरच तो अडून बसला नाही, त्यानं काम बदललं.

तुमच्या घराशी जास्त जुळणारी बाई म्हणजे रूथ असावा. अमेरिकन शिल्पकार, जन्म १९२६, घरात सहा मुलं. १९४७ मध्ये ती मेक्सिकोतल्या तोलुकाला गेली असताना तिथल्या लोकांकडून तारेच्या टोपल्या विणायची पद्धत शिकली, एका वेढ्यात दुसरा वेढा अडकवत जायचं, आणि पुढे त्याच पद्धतीनं तिनं छतापासून लोंबणारी मोठमोठी शिल्पं केली, एका आकारात दुसरा आकार, आरपार दिसणारी. आता फक्त सामानाकडे बघा. तार. वाळत नाही, सांडत नाही, वास येत नाही, मोठं यंत्र लागत नाही. बाळ रडलं तर अर्ध्या वेढ्यात खाली ठेवता येते आणि तासाभरानं तिथूनच उचलता येते, मधे काही बिघडत नाही. १९५७ साली इमोजेन कनिंगहॅम या फोटोग्राफरनं काढलेला एक फोटो आहे, त्यात ती, तिची शिल्पं आणि तिची मुलं सगळी एकाच खोलीत आहेत, मुलं आपापल्या नादात आणि ती आपल्या कामात. तो फोटो शोधून बघाच. मला तो बघून नेहमी वाटतं की तिनं मुलं आणि काम यांच्यामध्ये दार लावलं नाही, दार लावावं लागणार नाही असं सामान निवडलं. (दहा महिन्यांच्या बाळाजवळ तार अजिबात नको हां, टोकं डोळ्यात जातात. मी सामानाच्या जातीबद्दल बोलतेय.)

आणि आपल्याकडे तर बहिणाबाई चौधरी आहेतच, १८८० ते १९५१. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणजे कागदसुद्धा नाही, वेळ तर नाहीच. हात जात्यावर नाहीतर शेतात. मग जे रचलं ते असं की तोंडात राहील, हाताच्या लयीवर बसेल आणि दुसऱ्या दिवशी आठवेल. मुलानं, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी ते ऐकून उतरवून ठेवलं म्हणून आपल्यापर्यंत पोचलं, पुस्तक आलं तेही त्या गेल्यावर, १९५२ मध्ये. ओवी छोटी का आणि तिला यमक का, हे काम करत करत म्हणून बघितलं की लगेच कळतं, यमक ही पुढची ओळ अडकवायची खुंटीच आहे. तिकडे ल्युसिल क्लिफ्टन नावाची अमेरिकन कवयित्री, तिलाही सहा मुलं, पहिलं पुस्तक १९६९ चं, आणि आपल्या कविता छोट्या असण्याचा संबंध ती स्वतःच घरातल्या पोरांशी जोडायची, डोक्यात धरून ठेवता येतील एवढ्याच ओळी. या दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता. पण डोकं हेच वही असेल तर कवितेचा आकार काय होणार, याचं दोघींचं उत्तर जवळजवळ एकच.

तुमच्या लक्षात आलं असेल, मातीस सोडला तर मी बायकांचीच नावं घेतली. मुद्दाम नाही घेतली, मुलांमध्ये बसून काम करायची वेळ ज्यांच्यावर पिढ्यान् पिढ्या आली त्या याच. आता तुम्हीही त्याच जागी बसलायत. बंद दाराआड तासन् तास रंगवणारा पुरुष हेच चित्र डोळ्यापुढे ठेवलंत तर रोज स्वतःला कमीच समजाल. पण पायाशी मूल ठेवून काम केलेल्या या सगळ्यांना आपले गुरू माना, त्यांच्याकडून शिकायला बाबालाही कुणी अडवलेलं नाही.

हे खरंच होतं का, याचंही थोडं सांगते, कारण तुम्हाला वाटेल ताई नुसत्या गोष्टी सांगतायत. रोनाल्ड फिंके नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९९० च्या सुमारास एक प्रयोग केला होता. लोकांना गोळा, शंकू, हूक, तार असे साधे आकार द्यायचे आणि डोळे मिटून मनातल्या मनात त्यांची एखादी वस्तू जुळवायला सांगायचं. ज्यांना आकार किंवा वस्तूचा प्रकार यातलं एक तरी आपल्या आवडीचं घ्या असं सांगितलं त्यांच्यापेक्षा, ज्यांना आकारही नेमून दिले आणि हे खेळणं व्हायला पाहिजे किंवा हे फर्निचर व्हायला पाहिजे असंही नेमून दिलं, त्यांनी जास्त कल्पक वस्तू काढल्या. आपल्या अनुभवाशी लावून बघा, पटेल. सगळं मोकळं असलं की डोकं सवयीची वाट धरतं, ती पायाखालची असते, तिथे धोका नसतो. ती वाट बंद झाली की थोडा वेळ नुसती चिडचिड होते आणि मग नाइलाजानं इकडेतिकडे बघावं लागतं. ती मधली चिडचिड लोक सांगत नाहीत. तुमच्या मित्राच्या मेसेजमध्येही ती नव्हती, म्हणून तुम्हाला तो खोटा वाटला असणार.

बरं, आता करायचं काय. पहिले चार दिवस चित्र काढूच नका. फक्त किती वेळ खरोखर मिळतो ते कागदावर टिपा, सकाळी बाळ झोपलं तेव्हा अकरा मिनिटं, दुपारी दोघं झोपली तेव्हा पंचवीस, असं. आपल्याला वाटतं वेळच नाही, आणि लिहून बघितलं की दिसतं की वेळ आहे पण त्याची चिरफाड झालेली आहे. सगळ्यात जास्त वेळा कुठला आकडा येतो ते बघा. समजा बारा आला. मग तुमचं काम बारा मिनिटांचं, आणि त्यातही काढणं-ठेवणं धरून एक मिनिट, त्याच्या वर नाही.

त्यासाठी एक झाकणाचा डबा करा. हा डबा मला फार महत्त्वाचा वाटतो, हसू नका. आत पोस्टकार्डाएवढे कापून ठेवलेले जाड कागद, एक मऊ पेन्सिल, दोन रंग, फक्त दोन, मग ते ऑइल पेस्टल असोत नाहीतर रंगीत पेन्सिली. झाकण उघडलं की काम सुरू, बाळ हललं की झाकण बंद. डबा छातीच्या उंचीवरच्या फळीवर, आणि काम शक्यतो तिथेच उभ्यानं, म्हणजे कागदाचे कपटे, पेस्टलचे तुकडे काही खाली राहणार नाही, त्या वयाचं बाळ जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं आणि घशात अडकतं. दोन रंग का, तर पंचवीस रंग असले की बारातली पाच मिनिटं कुठला घेऊ यातच जातात. महिनाभर तेच दोन. कंटाळा येईल. येऊ द्या, त्या कंटाळ्याच्या पलीकडेच एकावर एक रगडून तिसरा आणि चौथा रंग काढायला लागाल, आणि तुम्ही ऑइलवाले आहात, थर चढवणं तुमच्या हातात आधीपासून आहे.

विषयाचा नियमही महिन्याला एकच. मी सुचवू का एक? तुमचा मुलगा रांगतोय ना, तर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून घर काढा. तो जागा असताना त्याच्या शेजारी पोटावर पडा, तो खेळ त्यालाही आवडेल, आणि बघा काय दिसतंय. टेबलाची खालची बाजू, जिथे कुणी पॉलिश केलेलं नाही आणि स्क्रूची डोकी दिसतात. खुर्च्यांच्या पायांचं जंगल. दाराखालून येणारी उजेडाची पट्टी आणि त्या पट्टीत आईची सावली आली की घरात आनंद. घर सगळं तेच, पण दीड फुटावरून ते इतकं प्रचंड आणि अनोळखी दिसतं, आणि आपलं मूल दिवसभर या असल्या देशात फिरतंय हे बघून पोटात कालवाकालव होते. बघताना काढायचं नाही, फक्त बघायचं आणि मनात धरायचं. तो झोपला की डबा उघडायचा आणि आठवून काढायचं. आठवणीतून काढल्यामुळे निम्मं गळून जाईल, आणि जे उरेल ते तुमचं असेल.

थांबायची पण एक रीत आहे. हाक आली की आपण चिडून कसंबसं हातातलं पूर्ण करायला बघतो, मूल अजून रडतं, आपण अजून चिडतो. त्याऐवजी अर्ध्यातच सोडा आणि कागदाच्या मागे तीन शब्द लिहा, पुढचं पाऊल काय ते. ‘सावली अजून गडद’. ‘डावा पाय चुकलाय’. दुसऱ्या दिवशी डबा उघडल्यावर कुठून सुरू करू हा प्रश्नच राहत नाही, आणि दिवसभर भांडी घासताना, कपडे घालताना ती गडद सावली डोक्यात हळूहळू शिजत राहते. माझे निम्मे तुकडे असे मांडीवर मूल नसताना, दुसरीच कामं करताना पूर्ण झाले, कागदावर नुसते उतरले खुर्चीत.

मुलीला त्या डब्यात घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा. साडेतीन वर्षांची आहे, तिला वेगळा डबा द्या असं मी म्हणेन, अगदी तुमच्यासारखाच, तिचे दोन रंग वेगळे. कधी तिनं एक गिरगोटा काढायचा आणि तुम्ही त्यात काय दिसतं ते शोधायचं, कधी उलट. फक्त तिच्या कागदावर तिला न विचारता रेघ मारू नका, आणि तिचा प्रत्येक खेळ आपल्या चित्राचा कच्चा माल असल्यासारखा बघू नका. मुलांना ते कळतं. माझ्या लेकीनं एकदा, पाच वर्षांची असताना, मला विचारलं होतं की आई तू आत्ता माझ्याशी बोलतेयस की लिहितेयस, आणि मी पेन्सिल खाली ठेवली होती.

आता एक मात्र मला ठणकावून सांगायचंय. मर्यादांचे दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. कमी वेळ, छोटी जागा, दोनच रंग, मोडून मोडून मिळणारे तास, यांच्याशी खेळता येतं. पण अपुरी झोप, एकटेपणा, दिवसभरात मोठ्या माणसाशी एक वाक्य न बोलणं, सगळ्याच रात्री एकट्यानं काढणं, यातून काही उगवत नाही. ती मर्यादा वापरायची नसते, दूर करायची असते. रात्री चार वेळा उठला असाल तर त्या पंचवीस मिनिटांत झोपा, डबा कुठे पळून जात नाही. तुम्ही पत्रात बायकोबद्दल एवढं चांगलं लिहिलंय पण तिला हे सांगितलंय असं कुठे लिहिलेलं नाही, ती कमावते म्हणून मागायला संकोच वाटतोय का? तुम्ही दिवसभर रिकामे बसत नाही आहात. आठवड्यातून एकदा दोन तास, वार ठरवून, तुम्ही घराबाहेर नाहीतर दुसऱ्या खोलीत, मुलं तिच्याकडे. आणि तिचेही तसेच दोन तास ठरवा, तिलाही लागत असतील. ठरलेलं असलं की दर वेळी विचारावं लागत नाही, आणि दर वेळी विचारण्यातच माणसाचा जीव जातो.

आणखी एक, जरा नाजूक. ब्रश हातात घ्यावासा वाटतो पण वेळ नाही, हे एक झालं. कशातच मन लागत नाही, मुलांचं हसणंसुद्धा लांबून ऐकू आल्यासारखं वाटतं, झोपायला वेळ मिळूनही झोप येत नाही, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर ते वेगळं. बाळ झाल्यानंतरचं डिप्रेशन बाबांनाही येतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि त्याला डबा पुरणार नाही, डॉक्टरांकडे जावं लागतं. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही. तरी विचारून ठेवते.

मोठे कॅनव्हास विकू नका, इझलही. वर्षा-दोन वर्षांनी बाळाला वाटेल ते तोंडात घालायचं नाही हे कळेल, मुलगी शाळेत जाईल, मग एखादा तीन तासांचा सलग तुकडा हाताला लागेल, आणि तेव्हा तुमच्याकडे दीड फुटावरून बघितलेल्या घराची शंभरेक पोस्टकार्डं असतील. त्यातलं एखादं मोठं व्हायला बघेल. बाकीची छोटीच राहतील, आणि छोटी म्हणून ती कमी नाहीत, माझे त्रेचाळीस तुकडे अजून तुकडेच आहेत आणि ती कॅलेंडरची पानं मी लेकीच्या पहिल्या कपड्यांबरोबर ठेवलीत.

मित्राला उत्तर द्यायचं राहिलंय ना, तर महिन्याभरानं द्या. काही लिहू नका, टेबलाच्या खालच्या बाजूचं चित्र पाठवा. मलाही एक पाठवा, मी वाट बघेन.

आणि हो, पत्र वाचताना मघापासून मनात येतंय, घरात जुन्या टर्पेंटाइनची बाटली कुठेतरी पडलेली असणार. ती आज संध्याकाळच्या आत शोधा, झाकण घट्ट आहे का बघा, आणि कुलपात ठेवा.
– तुमची ताई